नखं पिवळी, काळी, तुटकी का होतात? आधी नीट पाहा, मग औषध लावा

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान करून घरी आले तेव्हा डाव्या तर्जनीवर शाईची ठसठशीत रेघ होती. कातडीवरची शाई दोन-तीन आठवड्यांत निघून गेली, नखावरची मात्र हलेना. बरोबर महिन्याने लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिलं, तर नखाच्या मुळाशी सुमारे तीन मिलिमीटर कोरं नख आलं होतं आणि शाई तेवढीच पुढे सरकली होती. पुढे मार्चमध्ये, धुळवडीच्या दिवशी, टोकाला फक्त एक बारीक काळी कड उरली होती. ती नेलकटरने उडवली आणि शाई संपली.

ही शाई म्हैसूरच्या म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. लिंबू, साबण, रिमूव्हर, कशालाही ती दाद देत नाही. नख वाढून पुढे गेलं की आपोआप जाते. नखांच्या बहुतेक तक्रारींचं असंच आहे. बाहेर आलेलं नख ही निर्जीव वस्तू आहे, केसासारखीच केराटिन नावाच्या प्रथिनाची. ते बरं होत नाही. मुळातून नवं, चांगलं नख येऊ द्यायचं आणि जुनं कापून टाकायचं, एवढंच आपल्या हातात असतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला चार ते सहा महिने लागतात. पायाचं त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने, अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष. तेव्हा ‘आठ दिवसांत नखं गुलाबी’ असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा.

आधी दहा मिनिटं तपासणी

नेलपॉलिश काढा, हात धुऊन कोरडे करा आणि खिडकीपाशी उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली नको, तिच्यात पिवळा आणि हिरवा यातला फरक कळत नाही.

पहिल्यांदा डाग घासून पाहा. कापसावर थोडं रिमूव्हर घेऊन पुसा, नाहीतर नेलफाइलने वरचा पापुद्रा अगदी हलकेच खरवडा. डाग निघाला तर तो बाहेरून लागलेला आहे: हळद, मेंदी, नेलपॉलिश, केसांचा डाय, तंबाखू. नाही निघाला तर तो नखाच्या आत किंवा नखाखाली, जिव्हाळीत आहे.

मग दाबून पाहा. नखाच्या टोकावर दाब देऊन सोडा. रंग क्षणभर पालटला किंवा फिका झाला तर बिघाड खालच्या मांसात, रक्तपुरवठ्याच्या बाजूला आहे. पालटला नाही तर तो नखाच्या अंगचा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बोटं मोजा. एकाच नखाला त्रास असेल तर मार, पाणी, बुरशी किंवा क्वचित गाठ, असं स्थानिक कारण शोधायचं. दहाच्या दहा नखं एकसारखी बदलली असतील तर कारण शरीरात, औषधात किंवा रोजच्या सवयीत असतं.

शेवटी पट्टी बोटाशेजारी ठेवून फोटो काढा आणि महिन्याने त्याच जागी बसून पुन्हा काढा. डाग पुढे सरकला आणि मागे स्वच्छ नख आलं तर चिंता बरीचशी मिटली. जागच्या जागी राहिला, रुंद झाला किंवा मुळापासून सतत नवा येत राहिला तर डॉक्टर गाठायचा.

पांढरे ठिपके आणि आडव्या खाचा

लहानपणी आकाशातून बगळ्यांची रांग गेली की आम्ही नखावर नख घासून त्यांच्याकडे फुलं मागायचो. ती फुलं म्हणजे हे पांढरे ठिपके. मोठेपणी त्यांचं नाव ‘कॅल्शियम कमी आहे’ असं झालं. दोन्ही समजुतींत तथ्य सारखंच! नखाच्या मुळाला कधीतरी लागलेला बारीकसा मार, एवढंच त्या ठिपक्यांचं कारण. दारावर आपटलेलं बोट, टेबलावर बोटं वाजवण्याची सवय, पार्लरमध्ये क्युटिकल (नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी) मागे ढकलताना लावलेला जोर. ठिपका दिसतो तेव्हा मार लागून महिना-दोन महिने झालेले असतात, म्हणून आठवत नाही. गोळ्या घेऊ नका, कापला जाईपर्यंत थांबा.

आडव्या खाचा मात्र वाचण्यासारख्या असतात. मोठा ताप, न्यूमोनिया, डेंग्यू, शस्त्रक्रिया अशा वेळी शरीर नखाचं काम थांबवतं आणि पुन्हा सुरू झालं की तिथे खाच राहते. फ्रेंच डॉक्टर जोझेफ बो यांनी १८४६ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला बो रेघ म्हणतात. तारीख काढता येते: क्युटिकलपासून खाचेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि दहाने गुणा, साधारण तेवढ्या दिवसांपूर्वी आजार झाला असणार. सहा मिलिमीटर म्हणजे दोन महिने. सगळ्या नखांवर एकाच रांगेत खाच असेल तर आजारपण, एकाच नखावर असेल तर त्या बोटाला झालेली इजा.

लहान मुलांच्या आयांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. हात-पाय-तोंडाला पुरळ येणारा तो विषाणूचा आजार पाळणाघरात फिरून गेला की महिना-दोन महिन्यांनी काही मुलांची नखं मुळापासून सुटून गळतात. घरात रडारड होते. पण खाली नवं नख तयार होत असतं. सुटलेली कड कपड्यात अडकणार नाही एवढी कापायची, ओढायची नाही.

उभ्या रेघा? चाळिशी-पन्नाशीनंतर त्या येतातच, कपाळावरच्या आठ्यांसारख्या. मात्र फक्त अंगठ्यांच्या मधोमध धुण्याच्या फळीसारख्या आडव्या पायऱ्या दिसल्या तर आपण दुसऱ्या बोटाने तिथली क्युटिकल सतत खरवडत असतो का, हे घरच्यांना विचारा. आपल्याला स्वतःला ते कळत नाही.

पिवळी नखं

गडद लाल किंवा मरून नेलपॉलिश थेट नखावर लावून पंधरा दिवस ठेवलं की त्यातला रंग वरच्या थरात मुरतो. खाली बेस कोट लावा, आठवड्याच्या आत काढा आणि मध्ये काही दिवस नखं मोकळी ठेवा. पिवळेपणा घालवायला जोरजोरात फाइल घासू नका, नख पातळ होतं आणि मग तुटतं. लिंबाची फोड चोळून उन्हात जाणं तर मुळीच नको. लिंबाचा रस आणि ऊन यांनी कातडी भाजते आणि काळे चट्टे पडतात. लसणाची पाकळी बांधून ठेवण्याचा उपायही तसाच, भाजलेलं बोट देणारा.

स्वयंपाकघरातले डाग आधीच टाळता येतात. केळफूल किंवा कच्चं केळं चिरताना त्यातला तुरट अंश विळीच्या लोखंडाशी मिळून काळा पडतो, म्हणून बोटांना आणि पात्याला तेल लावून बसायचं ही आज्यांची रीत बरोबरच आहे. तेल नखांच्या कडेला आणि टोकाखालीही गेलं पाहिजे. कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांसाठी तर ही रीत नाही, संरक्षण आहे. काजूच्या टरफलातलं तेल नुसतं रंगवत नाही, कातडी जाळतं. तिथे हातमोजेच हवेत.

पिवळेपणाबरोबर नख जाड झालं, खाली भुसा साचला आणि टोक ठिसूळ झालं तर बुरशीची शंका घ्यायची. पण नुसती शंका. हे मी चांगली किंमत मोजून शिकले.

माझा डावा अंगठा

मी घरगुती डबे करते. श्रावण-भाद्रपदात उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात डाव्या अंगठ्याचं नख एका कडेने सुटलं. आत उकड अडकायची, मी ती काडीने टोकरून काढायची आणि नख आणखी थोडं सुटायचं. मग सुटलेला भाग पिवळट झाला, नंतर चक्क शेवाळासारखा हिरवा. औषधाच्या दुकानातून ‘फंगसची ट्यूब’ आणली आणि तीन महिने इमानेइतबारे चोळली. काही उपयोग नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नख पाहण्याआधी हात पाहिले आणि विचारलं, “दिवसातून किती वेळा पाण्यात जातात?” मी मोजायला लागले आणि वीसनंतर थांबले. बुरशी नव्हतीच. पाणी, साबण आणि माझी ती काडी यांनी नख जिव्हाळीपासून सुटलं होतं, आणि त्या ओल्या फटीत स्युडोमोनास नावाच्या जिवाणूने घर केलं होतं. हिरवा रंग त्याचाच. बाईंनी सुटलेला सगळा भाग जिव्हाळीला धक्का न लावता कापून टाकला, लावायला थेंब दिले आणि सांगितलं, “औषध दहा टक्के, कोरडं ठेवणं नव्वद.” नवं नख चिकटून पुढे येऊन सगळं पूर्ववत व्हायला पाच महिने लागले.

सुटलेलं नख पुन्हा चिकटत नाही. मागून येणारं नवं नख चिकटून येतं. म्हणून फट स्वच्छ करायच्या नादात काडी, टाचणी, नेलकटरची ती टोकदार पट्टी आत घालणं म्हणजे रोज नव्याने फट पाडणं. नख आखूड ठेवा, धुतल्यावर बोट टिपून कोरडं करा, वाटल्यास केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा मारा. पाण्याशी फारसा संबंध नसताना बऱ्याच नखांची टोकं सुटत असतील तर थायरॉइडची तपासणी आणि सोरायसिस या त्वचेच्या आजाराचा विचार व्हायला हवा. सोरायसिसमध्ये नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट-तांबूस डाग दिसतो. डोक्यात कोंड्याचे जाड थर आणि बोटांच्या सांध्यांत सकाळची आखड असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

नखुर्डं

नखाच्या कडेला लाल सूज, ठणका आणि पू हे ताजं नखुर्डं. बहुतेक वेळा सालपट दाताने ओढल्याने जंतू शिरतात. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं बोट बुडवा आणि नीट कोरडं करा. पू धरला तर डॉक्टरांकडून निचरा करून घ्या, घरी सुई नको. लिंबात बोट खुपसून ठेवल्याने गार वाटतं खरं, पण आत साचलेला पू त्याने बाहेर येत नाही.

महिनोन्‌महिने रेंगाळणारं नखुर्डं वेगळं असतं. कड फुगलेली, ठणका कमी, क्युटिकल नाहीशी झालेली. भांडी घासणाऱ्या, हलवाई, रसवंतीवाले, मासे विकणाऱ्या, परिचारिका, अशा ओल्या हातांच्या माणसांना ते होतं. क्युटिकल हे नखाच्या दाराला लावलेलं सीलच आहे. ते गेलं की साबणाचं पाणी आत झिरपतं आणि मूळच सुजतं. इथे बुरशीच्या मलमापेक्षा पाणी बंद करणं आणि डॉक्टरांनी दिलेलं सूज उतरवणारं मलम यांचा उपयोग अधिक होतो. पार्लरमध्ये क्युटिकल कापू देऊ नका, हे सांगायची जागाही हीच.

बुरशीच असेल तर

हाताच्या नखांपेक्षा पायाच्या नखांना बुरशी जास्त धरते. नुसतं बघून खात्री होत नाही. बुरशीसारख्या दिसणाऱ्या नखांपैकी निम्म्यांत बुरशी नसतेच. नखाचा तुकडा लॅबमध्ये पाठवून केओएच तपासणी (तुकडा रसायनात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करतात, ती स्वस्त आहे आणि लवकर होते. खात्री झाली तर टर्बिनाफिनच्या गोळ्या सहसा हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे देतात. यकृताची तपासणी डॉक्टर करून घेतात, म्हणून या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. कोर्स संपला तरी नख लगेच सुंदर दिसत नाही, कारण पुन्हा तोच हिशेब: हाताला महिन्याला तीन मिलिमीटर, पायाला त्याच्या निम्म्याहून कमी. दुकानात मिळणारी, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मिश्र मलमं टाळा. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी पसरत राहते.

पोटातून आलेले बदल

नख चमच्यासारखं खोलगट झालं आहे का हे पाहायला त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. ओघळून न जाता बसून राहिला तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) तपासा, लोह कमी असण्याची शक्यता मोठी आहे. जेवणावर लगेच चहा घेणाऱ्यांनी ती सवय तासभर पुढे ढकलावी, भाजी-भाकरीवर लिंबू पिळावं. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. नखं आणि बोटांची पेरं दोन्ही काळसर होत असतील आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ बघा. ती कमतरता भरून निघाली की रंगही परततो.

दोन्ही हातांच्या तर्जन्यांची नखं एकमेकांना पाठीपाठ टेकवा. मधे चौकटीच्या पत्त्यासारखी छोटी फट दिसायला हवी. ती नसेल, बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. फुप्फुस किंवा हृदयाच्या आजारात असं होतं. लिओ शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयतज्ज्ञाला ही खूण स्वतःच्याच बोटांवर सापडली. नखं निळी पडून धाप लागत असेल तर मात्र लेख वाचत बसू नका, दवाखान्यात जा.

उलट, काही घटक जास्त झाले तरी नखं जातात. २०२५ च्या सुरुवातीला बुलडाण्यात शेगाव भागातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, आणि एप्रिलमध्ये त्यांतल्या काहींची नखं वाकडी होऊन गळायला लागल्याच्या बातम्या आल्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं होतं. केस आधी आणि नखं नंतर, हे नखांच्या संथ चालीला धरूनच आहे. केस-नखांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांच्या डब्यांवर सेलेनियम लिहिलेलं असतं, तेव्हा दोन-दोन डबे एकदम सुरू करू नका. बायोटिन या जीवनसत्त्वाचंही तसंच. ठिसूळ नखांना त्याचा फायदा होतो याचे पुरावे तोकडे आहेत, पण थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्या ते चुकवू शकतं. घेत असाल तर लॅबमध्ये सांगा.

काळा डाग आणि काळी रेघ

दारात बोट चेमटलं की नखाखाली रक्त साकळतं. लगेच थंड पाण्यात धरा आणि हात वर ठेवा. ठणका असह्य असेल तर पहिल्या दिवस-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात, तिथेच आराम पडतो. बोट वाकडं दिसत असेल तर एक्स-रे. नंतर हा डाग मतदानाच्या शाईसारखाच पुढे सरकत जातो.

मुळापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तपकिरी-काळ्या उभ्या रेघा सावळ्या माणसांत पुष्कळदा अनेक नखांवर असतात आणि निरुपद्रवी असतात. माझ्या आईच्या सहा नखांवर आहेत. पण प्रौढ वयात एकाच नखावर नवी रेघ आली, विशेषतः अंगठ्यावर, ती तीन मिलिमीटरहून रुंद झाली, कडा पुसट झाल्या किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला, तर एक आठवडाही वाट पाहू नका. मेलॅनोमा नावाचा कर्करोग असाच सुरू होतो. गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला आणि १९८१ मध्ये तो गेला, वय अवघं ३६.

रोजची निगा, ओल्या हातांच्या माणसांसाठी

भांड्यांसाठी रबरी हातमोजे घ्या, पण आत सुती हातमोजे घाला. नुसत्या रबरात घाम साचतो आणि पाण्यातच हात घातल्यासारखं होतं. आतले सुती मोजे रोज धुवा, म्हणून दोन जोड हवेत. कामं एकदम उरका. दर दहा मिनिटांनी हात ओले-कोरडे होत राहिले की नख फुगतं-आकसतं आणि टोकाला पापुद्रे सुटतात.

रात्री झोपताना पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल नखांच्या मुळाशी आणि टोकाखाली चोळा. मी फोन चार्जिंगला लावते तिथेच डबी ठेवली आहे, नाहीतर विसरायला होतं. नखं आंघोळीनंतर, मऊ असताना कापा. हाताची बोटाच्या गोलाईप्रमाणे, पायाची सरळ, कोपरे खोल न खणता. फाइल एकाच दिशेने फिरवा, करवतीसारखी नको. केस वाढावेत म्हणून नखांवर नखं घासत बसणाऱ्यांचे केस वाढलेले मी पाहिले नाहीत, नखं झिजलेली मात्र पाहिली आहेत.

जेल पॉलिश ओरबाडून काढू नका, नखाचा वरचा थर त्याबरोबर निघतो. घरी जेल किट वापरताना द्रव कातडीला लागला आणि नंतर बोटांच्या टोकांना खाज, सूज आली तर ती जेलमधल्या अ‍ॅक्रिलेट या रसायनाची अ‍ॅलर्जी असू शकते. ती जन्मभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारांतही आड येऊ शकते, म्हणून लगेच थांबा आणि दंतवैद्यालाही सांगून ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी नखाशेजारची लहानशी जखमही त्याच आठवड्यात दाखवावी. पायाची नखं डोळ्यांना नीट दिसत नसतील तर दुसऱ्याकडून कापून घ्यावी.

डॉक्टरकडे जायचं ठरलं की दोन आठवडे आधीपासून ते नख कापू नका, लॅबला तुकडा लागतो. बुरशीचं मलम चालू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, सहसा काही दिवस बंद ठेवायला सांगतात, नाहीतर तपासणी फसते. दहाही बोटांचं पॉलिश काढा आणि पायात मोजे असले तरी पायाची नखं दाखवायची तयारी ठेवा, कारण हाताचं कोडं पुष्कळदा पायाशी सुटतं. महिन्याच्या अंतराने काढलेले ते दोन फोटो मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा. माझ्यासारखे मोदकांच्या चारशे फोटोंमध्ये शोधत बसू नका, मागे रांग असते.